अकरा मेंढ्या कमी

सप्टेंबरात डोंगरावरून मेंढ्या खाली येतात
दगडी गोल कोंडवाड्यात,
आणि सगळं खोरं कान चाचपत बसतं:
कुठली खाच कोणाची, कुठलं जनावर कोणाचं.
माझे वडील, ह्याल्ती, फाटकाशी उभे राहून मोजायचे.
साठ वर्षं. एकदाही न चुकता.

त्या वर्षी अकरा कमी भरल्या.

कड्यावरून गेल्या असतील, म्हणाले.
कुत्रीला शिव्या दिल्या. धुक्याला दिल्या.
मग मला, मी फाटक उशिरा ओढलं म्हणून.
मी त्यांच्या डाव्या अंगाला पाहिलं.
अकराच्या अकरा तिथंच होत्या,
भिंतीला टेकून, रवंथ करत.
एकीनं तर त्यांच्या कोटाचं टोक तोंडात धरलं होतं.

"बाबा, तिकडे काय दिसतंय?"
"भिंत. गवत."

अंधार नाही, भोक नाही, डाग नाही.
भिंत, गवत,
तेही ओलं, दगडावरच्या शेवाळासकट.

अकुरेरीच्या दवाखान्यात डॉक्टर रान्वेगनं
त्यांची हनुवटी एका पांढऱ्या वाडग्यापुढे टेकवली,
हातात बटण दिलं.
ठिपका चमकला की दाबायचं.
कितीतरी वेळ बटण वाजलंच नाही.
बाबा स्वस्थ बसले होते,
ज्याला कोणी हाकच मारलेली नाही
अशा माणसासारखे.

काचबिंदू, ती म्हणाली.
दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही.
डोळ्यामागची दोरी धाग्याधाग्यानं झिजते,
दहा लाख धागे, मोजतंय कोण.
आणि ती दोरी तरी डोळ्याची कुठं?
तो मेंदूच आहे,
उजेडाच्या ओढीनं पुढे आलेला.

"मग त्यालाच कसं कळलं नाही?"
"तो झाकत बसला ना," ती म्हणाली.
एका डोळ्यानं गाळलेलं दुसऱ्याकडून उसनं घ्यायचं.
दोघांकडेही नसेल
तर शेजारचं गवत ओढून लावायचं.

मला आई आठवली.
स्वेटरचं कोपर फाटलं की ती रफू करायची,
त्याच मेंढीच्या लोकरीनं, त्याच करड्या रंगात,
खिडकीशी धरलं तरी जोड सापडायचा नाही.
स्वेटर विरत चाललाय हे आम्हाला कधी कळलंच नाही.
एका हिवाळ्यात पेटीतून काढला
तर मूळचा धागा बोटभरही उरला नव्हता,
सगळे आईचे टाके.

माया म्हणतात ती हीच असेल.
एकाच शब्दात जीव लावणं आणि डोळ्यांवर पडदा.

"आता तुम्ही बसा," रान्वेग म्हणाली.
"मला सगळं नीट दिसतं."
"त्यांनाही दिसतच होतं."

बसले. वय एकेचाळीस.
उजव्या डोळ्यावर पट्टी,
म्हणजे आता उसनं मिळायचं नाही कुठून.
ठिपका. ठिपका. ठिपका.
मग थोडा वेळ यंत्रच थांबलं,
असं मला वाटलं.

यंत्र थांबलं नव्हतं.

कागदावर, नाकाच्या बाजूला,
तिळाएवढी करडी चिमूट.
"लवकर सापडलं," ती म्हणाली,
घळीत अडकलेल्या कोकराबद्दल बोलावं तशी.
बाबांनी कागद हातात घेतला,
मान पार डावीकडे वळवून पाहिला,
आणि काही न बोलता घडी करून
स्वतःच्या खिशात ठेवला.

रात्री दोघंही थेंब घालतो,
मी त्यांना, ते मला. त्यांचा हात हलतो,
अर्धा थेंब माझ्या गालावर.
गेलेले धागे परत येत नाहीत, उरलेले टिकतात,
बहुतेक.

या सप्टेंबरात फाटकाशी दोघं उभे राहिलो.
ते डावा हात लांब करून,
प्रत्येक पाठीवरून बोटं फिरवत.
दोनशे चौदा.

मी पुन्हा मोजल्या.
आधी एक डोळा मिटून,
मग दुसरा.